शिळ्या पावाची असोर्दा

"तिला जरा आत गुंतवून ठेव," दीनानाथ म्हणाले, तेव्हा सुनंदा त्यांच्या सदऱ्याचं बटण शिवत होती. शुक्रवार होता. खालच्या मशिदीतली दुपारची नमाज सुटली होती आणि कुवेतमधल्या सालमियाच्या त्या अरुंद गल्लीत एकदम गाड्यांची गर्दी उसळली होती.

"गुंतवून म्हणजे?"

"म्हणजे स्वयंपाकात. शत्रुघ्न येतोय सुलैबियाहून. मुक्ता आणि मुकेशराव येतायत. आम्हाला जरा मोकळं बोलायला हवंय. ती बाहेर आली की सगळे इंग्रजीवर येतात, आणि इंग्रजीत आपल्यातलं कुणी खरं बोलत नाही."

"आणि तिला कधी सांगणार?"

"जेवताना सांगतो. महिन्याभरासाठी नातीला आजी नाशिकला नेतेय. त्यात वावगं काय?"

सुनंदाने दोरा दातांनी तोडला आणि सदरा त्यांच्या हातात दिला. महिन्याभराची गोष्ट नव्हती हे त्यांना ठाऊक होतं आणि तिलाही. नाशिकच्या शाळेत समिधाचं नाव घालून झालं होतं. गणवेशाची मापं सुनंदानेच घेतली होती, नवा फ्रॉक शिवायचा आहे असं सांगून. मंगळवारच्या मुंबईच्या विमानात दोन जागा होत्या. एक तिची, एक समिधाची. समिधाचा पासपोर्ट दीनानाथांच्या लोखंडी कपाटात होता. मुलगा आदित्य गेल्यावर त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रद्द झाला तेव्हा कंपनीच्या माणसाने घरातले कर्ते पुरुष म्हणून सगळे कागद त्यांच्याच हातात ठेवले होते. सुनेचा, इनेशचा, पासपोर्ट त्यांनी तिला दिला. मुलीचा ठेवून घेतला. इनेशने दोनदा मागितला. दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले.

आदित्य गेल्याला चार महिने होत आले होते. जानेवारीतल्या धुक्यात, शुऐबाच्या रिफायनरीतून रात्रपाळी करून परतताना, पुढे बंद पडलेला ट्रक त्याला दिसला नाही. चौतीस वर्षांचा होता. वरच्या मजल्यावरचा त्याचा फ्लॅट मार्चमध्ये सोडावा लागला. इनेश आणि समिधा दोन बॅगा घेऊन खाली सासू-सासऱ्यांकडे आल्या. मुलीची शाळा संपेपर्यंत राहायची परवानगी कंपनीने खटपट करून मिळवून दिली होती, ती या महिनाअखेर संपत होती. सासऱ्याच्या इकाम्यावर विधवा सून राहू शकत नाही. तिला जावंच लागणार होतं. प्रश्न एवढाच होता, की एकटी की मुलीला घेऊन.

इनेश आधीच स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावर तिने भाजलेला मोठा, जाड सालीचा पाव होता. आदित्यसाठी ती दर आठवड्याला असा एक पाव भाजायची. तो गेला तरी तिचे हात थांबले नाहीत. खाणारं कुणी नव्हतं. पाव सुकायचे, ती ते कापडात गुंडाळून ठेवायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पीठ मळायची. सुनंदा काही बोलली नव्हती. तिच्या स्वतःच्या हातून अजून रोज संध्याकाळी एक पोळी जास्तीची होत होती.

"आई, आज मी करू?" इनेश म्हणाली. "असोर्दा. पोर्तुगालचं, माझ्या गावचं. शिळा पाव लागतो, बास."

पाव हा शब्द दोघींच्या भाषांत एकच निघाला होता. सात वर्षांपूर्वी, लग्नानंतर पहिल्यांदा नाशिकला आली तेव्हा इनेशला कळलेला तो पहिला मराठी शब्द. त्या दिवशी ती केवढी हसली होती, आणि तिच्या हसण्याला आदित्य.

"कर की. मी काय देऊ?"

"लसूण. खूप. कोथिंबीर पण खूप. खडे मीठ." ती जरा थांबली. "आणि अंडी. चालेल का इथे?"

सुनंदाच्या ओट्यावर आजवर अंडं फुटलं नव्हतं. तिने मान डोलावली आणि वरच्या फळीवरचं जर्मनचं जुनं पातेलं काढून दिलं. मग खलबत्ता घेऊन खाली पाटावर बसली, आणि लसूण सोलू लागली.

बाहेर दार वाजलं. शत्रुघ्नभावजींचा जाडा आवाज आला, "वहिनी कुठंयत?" आणि दीनानाथांचा, "आत आहे, ये, बस." मुक्ता-मुकेशही पाठोपाठ आले. समिधाला टीव्हीसमोर बसवलं गेलं. बैठकीच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज झाला.

सुनंदा कुटत राहिली. लसणाचा उग्र वास, मग मीठ, मग मूठमूठ कोथिंबीर. हात दुखला म्हणून ती थांबली, आणि लोटलेल्या दारातून मुक्ताचा आवाज सरळ आत आला.

"पण अण्णा, नाशिकलाच कशाला? तुम्ही अजून दोन वर्षं इथे. आई एकटी काय करेल तिथे? इथेच महबूल्याला माझ्याकडे राहू दे तिला. माझं घर रिकामंच आहे."

"मुक्ता," जावई मुकेश म्हणाला, "हे आपलं कधी ठरलं होतं?"

"तुला काय ठरवायचं असतं?"

"मला एवढंच म्हणायचंय, की पोरगी काही वाटून घ्यायची वस्तू नाही. आणि तिची आई आतच आहे."

मुक्ताच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता. आई म्हणून सुनंदाला लेकीच्या आवाजातली भूक ओळखता आली, आणि तिला तिची कीव आली नाही, राग आला. मग त्या रागाचं तिला आश्चर्य वाटलं. आपण तरी काय वेगळं करत होतो? गणवेशाची मापं घेताना समिधाच्या दंडावरून टेप फिरवताना तिच्या मनात आलं होतं, की हा दंड अगदी आदित्यचा आहे. दिवसभर ती त्या एका गोष्टीवर खूश होती.

इनेश शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. तिला मराठी बोलता येई त्याच्या दुप्पट कळायचं. बाहेर सगळे हे विसरायचे. ती वळली नाही.

"कुटा, आई," ती हळूच म्हणाली. "अजून बारीक हवं."

सुनंदाने बत्ता उचलला आणि जोरात कुटायला लागली.

मिश्रण हिरवंगार, ओलसर झालं तेव्हा इनेशने ते मोठ्या मातीच्या भांड्यात काढलं. वर ऑलिव्हचं तेल ओतलं. पातेल्यात पाण्याला आधण येत होतं. एकेक अंडं ती वाटीत फोडून अलगद पाण्यात सोडत होती. सुनंदा बघत राहिली.

"हे गरीब लोकांचं," इनेश म्हणाली. "शेतावर काम करणारे. वडील फ्रान्सला गेले कामाला. दोन वर्षं. आई सकाळी हे करायची, संध्याकाळी पण हेच. अंडं असलं तर एक, आम्ही चौघं. पाव मात्र टाकायचा नाही. खाली पडला तर उचलून, असं." तिने हाताची बोटं ओठांना लावली.

"आमच्याकडे शिळी भाकरी," सुनंदा म्हणाली. "बाजरीची. सिन्नरला, माझ्या माहेरी. लसूण-मिरचीचं पाणी उकळायचं आणि त्यात कुस्करायची. दुष्काळाच्या साली तेच."

"मिरची," इनेश म्हणाली, "ती आमच्यात नाही," आणि थोडी हसल्यासारखी झाली. मग शेवटचं अंडं सोडताना, सूर जराही न बदलता तिने विचारलं, "आई, मंगळवारी तुम्ही जाता. समिधाचा स्वेटर देऊ का? नाशिकला आता थंडी असते?"

सुनंदाच्या हातातली कोथिंबिरीची देठं तशीच राहिली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तिनेच. आजोबा म्हणाले, तुला खिडकीची जागा. तिने विचारलं, आईची कुठली? तर आजोबा म्हणाले, आई नंतर येईल." इनेशने गॅस बारीक केला. "मी इंडियाला नंतर कशी येणार, आई? मला कोण बोलवणार?"

सुनंदाला बोलायचं होतं. इनेश रडत असती तर तिला जवळ घेता आलं असतं. पण ती रडत नव्हती. ती पावाचे तुकडे करत होती, हाताने, एकसारखे.

"पाऊस असतो," शेवटी सुनंदा म्हणाली. "जूनमध्ये पाऊस असतो. स्वेटर नको."

इनेशने मान डोलावली. उकळतं पाणी तिने मातीच्या भांड्यात ओतलं. लसूण-कोथिंबिरीचा वास घरभर गेला. त्यात पावाचे तुकडे टाकले, वरून अंडी सोडली, आणि दोन्ही हातांत फडकी धरून भांडं उचललं. "चला," ती म्हणाली. "हे थांबत नाही. लगेच खायचं."

टेबलापाशी सगळे बसले. समिधा टीव्हीसमोरच जेवणार म्हणाली आणि कुणी तिला अडवलं नाही. दीनानाथांनी आपल्या वाडग्यात चमचा फिरवला.

"पाण्यात पाव?"

"अण्णा, खाऊन बघा," मुकेश म्हणाला.

शत्रुघ्नभावजींनी तर दोन घास घेऊनही टाकले होते. सुलैबियाच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं मेसचं खाणारा माणूस. "चांगलंय की," ते म्हणाले. "आपली आई भाकरी चुरून करायची तसंच. काय रे दादा?" मग भावजींनी चमचा खाली ठेवला आणि घसा साफ केला. "बरं का इनेश. तुझ्याशी बोलायचंय. वाईट वाटून घेऊ नकोस."

"मी बोलतो," दीनानाथ म्हणाले. सुनंदाला वाटलं, ते इंग्रजीत बोलतील. पण ते मराठीतच बोलले, सावकाश, प्लांटवर नव्या माणसाला समजावतात तसे. "समिधाला आम्ही नाशिकला नेतोय. तिथे आपलं घर आहे, शाळा आहे, माणसं आहेत. तू तिकडे जा, जम बसव. तू तरुण आहेस. उद्या दुसरं लग्न करशील, त्यात काही गैर नाही, करावंसच. पण तेव्हा हिचं काय? तुझ्या आईचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या घरची कामं करण्यात गेलं. तिथे हिला काय मिळणार?"

"आई मिळेल," इनेश म्हणाली.

आतून कार्टूनची गाणी येत होती.

"आदित्यचं एवढंच राहिलंय आमच्याकडे," दीनानाथ म्हणाले.

"माझ्याकडे पण."

"वहिनी," मुक्ता म्हणाली. ती इनेशला एरवी नावाने हाक मारायची. "माझ्याकडे ठेव. इथेच, कुवेतमध्ये. तू दर वर्षी येऊन भेट. मी तिला काही कमी पडू देणार नाही. शपथ घेऊन सांगते."

"मुक्ता, पुरे," मुकेश म्हणाला. "तिला राहायचा व्हिसा मिळत नाहीये, आणि तू दर वर्षी यायचं बोलतेस." त्याने वाडगा पुढे सरकवला. "अण्णा, मला विचाराल तर हे बरोबर नाही. पासपोर्ट देऊन टाका."

"तुम्हाला विचारलं नाही, मुकेशराव."

जावयाचा चेहरा पडला. मुक्ताने नवऱ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तिला कुणाची बाजू घ्यावी कळेना, आणि ती खाली मान घालून अंड्याचा पिवळा बलक चमच्याने पाण्यात पसरवत राहिली. शत्रुघ्नभावजी म्हणाले, "दादा, जावयाला असं नको." हयातभर ते एवढंच बोलत आले होते.

"पासपोर्ट द्या, अण्णा," इनेश म्हणाली.

"मंगळवारपर्यंत तो माझ्याकडे राहील. विमानतळावर सुनंदाच्या हातात देईन."

सगळे सुनंदाकडे बघायला लागले. ती उभीच होती. सर्वांना वाढून मग बसायची तिची सवय होती.

"मी मंगळवारी जाणार नाही," ती म्हणाली.

"काय?"

"जाणार नाही म्हटलं. माझं तिकीट रद्द करा."

दीनानाथांनी चष्मा काढला. छत्तीस वर्षांच्या संसारात चार माणसांत ती असं कधी बोलली नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले. "तू नको जाऊस. रजा टाकून मी नेईन तिला."

"न्याल. आणि मग?"

"मग काय? वाढवू. आदित्यला नाही वाढवलं?"

"वाढवलं," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आणि वाढवून झाल्यावर तो तिकडे पोर्तुगालमध्ये राहिला होता ना? सिनेशच्या रिफायनरीत होता, हिच्याबरोबर होता, सुखात होता. त्याला इकडे कुणी बोलावलं? फोनवर कोण म्हणत होतं, की युद्ध संपलंय, कुवेतमध्ये पुन्हा भरती आहे, बापाजवळ राहा? तो नको म्हणत होता. तीन वेळा म्हणाला. मी ऐकत होते शेजारी उभी राहून."

हे बोलून झालं तेव्हाच तिला कळलं, की हे परत घेता येणार नाही. चार महिने ते वाक्य तिच्यात होतं. आपण त्याचा विचार करतो हेसुद्धा तिने स्वतःशी कबूल केलं नव्हतं. दीनानाथ तिच्याकडे बघत राहिले. राग असता तर तिला सोसला असता. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हे कुणीतरी कधीतरी म्हणणार याची वाटच पाहत असल्यासारखे ते दिसत होते, आणि म्हणणारी ती निघाली.

"वहिनी," शत्रुघ्नभावजी म्हणाले, "हे बोलायला नको होतं."

"नको होतं," सुनंदा म्हणाली.

ती आतल्या खोलीत गेली. कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला माहीत होतं. घरातल्या सगळ्या किल्ल्या तीच ठेवायची. तरीही तिने चार महिने ते कपाट उघडलं नव्हतं, कारण उघडायचं तिच्याही मनात नव्हतं. पासपोर्ट घेऊन ती बाहेर आली आणि इनेशच्या वाडग्याशेजारी ठेवला. दीनानाथांनी हात पुढे केला नाही. ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, रेलिंगला हात लावला तरी चटका बसावा असं.

मुक्ता रडायला लागली. मुकेशने तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो झटकला, आणि मग थोड्या वेळाने स्वतःच धरला. समिधा दारात येऊन उभी राहिली होती. "आत्या का रडतेय?" तिने विचारलं.

"लसूण जास्त झाला," शत्रुघ्नभावजी म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर सुनंदाने टेबल आवरलं. दीनानाथांच्या वाडग्यातला पाव सगळं पाणी पिऊन फुगला होता, भांड्याच्या काठापर्यंत आला होता. तिने तो बाजूला काढला. गल्लीत कचरापेटीच्या कठड्यावर लोक उरलेला खबूस, इथला चपटा पाव, पिशवीत घालून ठेवतात, पायदळी येऊ नये म्हणून, तिथे नेऊन ठेवला. परत आली तेव्हा इनेश समिधाच्या बॅगेशी बसली होती. ती उठली, सुनंदाजवळ आली, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. ती सुनंदापेक्षा वीतभर उंच होती. तिला वाकावं लागलं.

"तिचं मराठी टिकवशील?" सुनंदाने विचारलं.

"मला येतं तेवढं," इनेश म्हणाली.

महिना संपायच्या आत त्या दोघी लिस्बनला गेल्या. दीनानाथ विमानतळावर आले, गाडीतून बॅगा उतरवल्या, ट्रॉली आणली, समिधाच्या केसांवरून हात फिरवला. इनेशने वाकून नमस्कार केला तेव्हा "सुखी राहा" म्हणाले. नंतरही त्यांनी सुनंदाशी भांडण केलं नाही. भाजी काय आणू, बिल भरलं का, गॅस संपलाय, एवढं बोलत. त्यापलीकडचं बोलणं त्या घरातून गेलं ते गेलंच. मुक्ता शुक्रवारची येईनाशी झाली. मुकेश एकटाच कधीतरी येऊन, चहा पिऊन जायचा.

इनेश शुक्रवारी फोन करायची. तिने एका बेकरीत काम धरलं होतं. सुरुवातीला समिधा भरभरून मराठीत बोलायची, शाळा, मांजर, तिकडच्या आजीच्या अंगणातलं संत्र्याचं झाड. पुढे वाक्यं आखूड झाली. मग मध्येच अडायला लागली, आणि पलीकडून इनेश शब्द पुरवायची, तोही चुकीचा. दीनानाथ त्या वेळी पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसत. फोनवर कधी आले नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात एका शुक्रवारी फोन वाजला तेव्हा सुनंदा न्हाणीघरात होती. बराच वेळ वाजला आणि मग थांबला. कुणीतरी उचलला होता. ती घाईने लुगड्याला हात पुसत बाहेर आली, आणि दारातच थांबली.

दीनानाथ खुर्चीच्या कडेवर बसले होते. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. पलीकडून नातीचा आवाज येत होता, भराभर, न थांबता, पोर्तुगीजमध्ये. त्यात एकही मराठी शब्द नव्हता. ते मध्येमध्ये "हं" म्हणत होते. "हं. अच्छा. हं." आवाज थांबेना, तसे तेही हलेनात. सुनंदाने फोन मागितला नाही.

शेवटी त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

"काय म्हणत होती?" तिने विचारलं.

"काही कळलं नाही," दीनानाथ म्हणाले. "पण बरंच सांगत होती."